संदेशांचा प्रादुर्भाव आणि त्याचे एकात्मिक व्यवस्थापन

प्रस्तावना

सन 2022 च्या सप्टेंबर महिन्यात महाराष्ट्रातील कापूस व ऊस उत्पादक भागांत एक संदेश झपाट्याने पसरला. अंगभर काटे असलेल्या एका अळीचे छायाचित्र, सोबत शेतात निपचित पडलेल्या दोन व्यक्तींचे छायाचित्र आणि ही अळी चावल्यास काही मिनिटांत मृत्यू ओढवतो, अशा आशयाचा मजकूर असे त्याचे स्वरूप होते. कापसाचे पीक ऐन भरात असताना हा संदेश गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर पोहोचला. तो वाचून मजुरांनी शेतात पाऊल टाकण्यास कचरणे स्वाभाविकच होते.

वस्तुस्थिती निराळी होती. छायाचित्रातील दोघांचा मृत्यू जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव परिसरात वीज पडून झाला होता, त्याचा अळीशी काहीही संबंध नव्हता. वृत्तपत्रांतून ‘घोणस अळी’ या नावाने गाजलेली ही अळी लिमाकोडिडी कुळातील आहे. ती चावत नाही. तिच्या अंगावरील पोकळ काट्यांचा त्वचेला स्पर्श झाल्यास त्यांतील दाहक द्रव्यामुळे तीव्र आग, वेदना व सूज येते. अशा वेळी चिकटपट्टी हलकेच लावून ओढून काटे काढावेत, जागा साबणाच्या पाण्याने धुवावी, बर्फ लावावा आणि त्रास वाढल्यास किंवा श्वास घेण्यास अडचण जाणवल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे, एवढीच माहिती शेतकऱ्याला आवश्यक होती.

या प्रसंगातील खरी हानी मात्र आणखी वेगळी आहे. त्या छायाचित्रात एक इशारा खरोखरच दडलेला होता. पावसाळ्यात उघड्या शेतात काम करणाऱ्यास विजेपासून जिवाचा धोका असतो, हा तो इशारा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप आपल्या परिसरात वीज पडण्याची शक्यता असल्यास तशी सूचना देते. हजारो हातांनी पुढे पाठवलेल्या त्या संदेशाबरोबर ही सूचना गेली असती, तर तिचा उपयोग झाला असता. प्रत्यक्षात खोटी भीती घरोघर पोहोचली आणि खरा धोका नजरेआड राहिला. समाजमाध्यमांवरील माहितीच्या अतिरेकाचे हेच मर्म आहे. निरुपयोगी माहिती वेळ खाते, तशीच ती उपयुक्त माहितीची जागाही बळकावते.

अतिरेक कशाला म्हणावे?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी 1971 मध्येच असे मांडले होते की, माहिती ही तिच्या वाचकाचे अवधान खर्ची घालते. म्हणून जेथे माहिती मुबलक होते, तेथे अवधानाचा दुष्काळ पडतो. त्या काळी भ्रमणध्वनी नव्हता. आज मात्र गावपातळीवरील विस्तार कार्यकर्त्यास या विधानाचा प्रत्यय रोज येतो.

एक साधा हिशेब करून पाहावा. समजा, एखादा कृषी सहायक बारा व्हॉट्सॲप गटांत आहे आणि प्रत्येक गटावर दिवसाला पंचवीस संदेश येतात. म्हणजे दिवसाला 300 संदेश झाले. प्रत्येक संदेशावर केवळ वीस सेकंद खर्च केले, तरी 100 मिनिटे गेली. एवढ्या वेळात दोन-तीन शेतांची पाहणी पूर्ण होते. शिवाय या 300 संदेशांत शुभेच्छा, बाजारभाव, जुन्या चित्रफिती, निविष्ठांच्या जाहिराती आणि हवामानाचे अंदाज सरमिसळ झालेले असतात. त्यांत आपल्या तालुक्यासाठीचा, आजच्या तारखेचा, पिकाच्या चालू अवस्थेला लागू पडणारा एखादाच संदेश असेल, तर तो नेमका वाचण्यातून सुटण्याचा संभव अधिक असतो.

यावर समाजमाध्यमे सोडून देणे हा उपाय नव्हे. अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद मे 2018 मध्ये कर्नाटकात झाली आणि पुढील काही महिन्यांतच ती अनेक राज्यांत पसरली. एवढ्या वेगाने पसरणाऱ्या किडीच्या बाबतीत शेतातून काढलेले स्पष्ट छायाचित्र काही मिनिटांत शेकडो किलोमीटर दूरच्या कीटकशास्त्रज्ञापर्यंत पोहोचणे, ही मोठीच सोय आहे. प्रश्न साधनाचा नसून त्याच्या व्यवस्थापनाचा आहे.

फीड म्हणजे शेताचा नमुना नव्हे

किडींचे सर्वेक्षण करताना केवळ बांधालगतच्या ओळींतील झाडे पाहून संपूर्ण शेताचा निष्कर्ष काढत नाहीत. काठावर प्रादुर्भाव पुष्कळदा अधिक असतो, म्हणून शेतात आडवे-तिडवे फिरून यादृच्छिक पद्धतीने झाडे निवडली जातात. समाजमाध्यमावरील फीडकडे पाहताना हाच नियम विसरला जातो.

फीडमध्ये पुढे येणारा मजकूर यादृच्छिक नसतो. ज्यावर लोक अधिक वेळ थांबतात, प्रतिक्रिया देतात किंवा जे इतरांना पाठवतात, ते वर आणले जाते. निरोगी पिकाचे छायाचित्र कोणी सहसा टाकत नाही, मात्र किडलेल्या बोंडाचे टाकले जाते. त्यातही एखाद्याने गुलाबी बोंड अळीची एक चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली, की पुढील काही दिवस त्याच विषयाच्या चित्रफिती त्याच्यासमोर येत राहतात. त्यामुळे ‘यंदा सगळीकडे बोंड अळीच आहे’ असा ग्रह होतो. प्रत्यक्षात वाढलेला असतो तो चित्रफितींचा ओघ. अळीचे प्रमाण वाढले आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

दुसरी गफलत पुनरावृत्तीची. एकच छायाचित्र पाच गटांवर आले, तर मनात पाच नोंदी होतात. सर्वेक्षणाच्या भाषेत ती एकच नोंद होय आणि तिचे ठिकाण व दिनांक माहीत नसेल, तर ती नोंदही ठरत नाही.

तिसरी गफलत ओळखीची. मे 2020 मध्ये वाळवंटी टोळांचे थवे अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत आले. त्या काळात देशभरातील समाजमाध्यमे टोळांच्या छायाचित्रांनी भरून गेली होती. त्याच सुमारास तमिळनाडूतील कृष्णगिरी जिल्ह्यात रुईच्या झाडांवर आढळलेले रंगीत नाकतोडेही टोळच समजले गेले. तज्ज्ञांच्या पाहणीनंतर ते स्थानिक नाकतोडे असल्याचे स्पष्ट झाले. मनात एखाद्या किडीचे चित्र ठसले, की समोरचा प्रत्येक कीटक तसाच दिसू लागतो.

परिणाम कोणते?

*अनावश्यक फवारणी:* भीतीपोटी केलेल्या फवारणीने खर्च तर वाढतोच, पण ढालकिडा, क्रायसोपा, परोपजीवी गांधीलमाश्या यांसारखे मित्रकीटकही मारले जातात. परिणामी मावा, पांढरी माशी यांसारख्या किडींचा उद्रेक होण्यास वाट मोकळी होते.

*खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष:* ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे वारंवार खोटे इशारे ऐकलेला शेतकरी खरा इशारा आल्यावरही जागचा हलत नाही. अमेरिकन लष्करी अळी एकदा मोठी होऊन मक्याच्या पोंग्यात खोल शिरली, की नियंत्रण अवघड होते. तेथे आठवडाभराचा उशीरही महाग पडतो.

*धोकादायक मिश्रणे:* ही बाब सर्वांत गंभीर आहे. सन 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले आणि शेकडो जण आजारी पडले. संरक्षक साधनांचा अभाव, उंच वाढलेल्या पिकातील फवारणी, उष्ण व दमट हवा यांबरोबरच अनेक कीटकनाशके एकत्र मिसळण्याची प्रथा हे त्यामागील एक कारण म्हणून पुढे आले. आजही ‘हे तीन एकत्र मारा, खात्रीशीर गुण येईल’ अशा पाककृतीवजा चित्रफिती सहज आढळतात. एखाद्या नावाजलेल्या शेतकऱ्याने सांगितले म्हणून मिश्रण सुरक्षित होत नाही. केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीने त्या पिकासाठी व त्या किडीसाठी मान्यता दिलेली आहे का, म्हणजेच लेबल क्लेम आहे का, हाच त्यासाठीचा निकष होय.

एकात्मिक व्यवस्थापन

सन 1959 मध्ये कॅलिफोर्नियातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश व हेगन या कीटकशास्त्रज्ञांनी आर्थिक नुकसान पातळीची संकल्पना मांडली. कीड दिसली म्हणजे फवारणी करावी, असे नाही. तिचे प्रमाण ठरावीक पातळीला पोहोचले तरच हस्तक्षेप करावा, हा त्या विचाराचा गाभा आहे. संदेशांच्या बाबतीतही याच क्रमाने जाता येते. आधी पाहणी, मग पातळी, त्यानंतर कृती.

1. आठवडाभर मोजणी करावी. प्रथम एक आठवडा आपल्याकडे येणाऱ्या संदेशांची नोंद ठेवावी. वहीच्या पानावर चार रकाने पुरेसे आहेत: संदेश कोणत्या गटावरून आला, विषय कोणता, पिकाच्या सध्याच्या अवस्थेशी त्याचा संबंध आहे का आणि त्यावरून प्रत्यक्ष काही कृती झाली का. ज्या गटाच्या नावापुढे चौथा रकाना आठवडाभर रिकामा राहील, त्याची सूचना-घंटी कायमची बंद करावी किंवा तो गट संग्रहात टाकावा. गट सोडल्याने कोणी दुखावेल अशी भीती असल्यास हा मार्ग सोयीचा आहे.

2. स्रोतांची प्रतवारी करावी. पहिल्या प्रतीत आपल्या भागाचे कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र, कृषी विभागाचा कीड सर्वेक्षण प्रकल्प आणि दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसृत होणारा कृषी हवामान सल्ला यांचा समावेश करावा. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषी विद्यापीठे असून शिफारशी त्या त्या विभागाच्या हवामानानुसार व पीकपद्धतीनुसार दिल्या जातात. महाराष्ट्राबाहेरील मराठी शेतकऱ्यांनी आपल्या राज्यातील विद्यापीठाची शिफारस प्रमाण मानावी. दुसऱ्या प्रतीत स्वतःच्या शेताची नोंद ठेवणारे, ठिकाण व दिनांक देऊन बोलणारे अनुभवी शेतकरी येतात. ज्याचा मूळ स्रोत कळत नाही असे सर्व काही तिसऱ्या प्रतीत टाकावे. तिसऱ्या प्रतीतील मजकूर मनोरंजन म्हणून पाहावा, त्यावरून खरेदी किंवा फवारणी करू नये.

3. वेळ ठरवून घ्यावी. दिवसातून दोन वेळा, उदाहरणार्थ सकाळी शेतावर जाण्यापूर्वी आणि सायंकाळी परतल्यावर, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटे संदेश पाहावेत. सकाळी केवळ पहिल्या प्रतीचे स्रोत पाहावेत, इतरांना सायंकाळ पुरेशी आहे. छायाचित्रे व चित्रफिती आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद ठेवल्यास जागा वाचते आणि अनावश्यक पाहणेही टळते. पुन्हा लागणारे संदेश तारांकित करून ठेवावेत, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध होत नाही.

4. संदेशाची संकेत पातळी ठरवावी. कोणताही इशारा कृतीयोग्य मानण्यापूर्वी त्याला पाच प्रश्न विचारावेत:

- ही पाहणी कोणत्या गावात किंवा तालुक्यात झाली?
- दिनांक कोणता? चालू हंगामातीलच आहे का?
- पीक कोणते व कोणत्या अवस्थेत आहे?
- पाहणी कोणी केली? त्या व्यक्तीशी किंवा संस्थेशी संपर्क साधता येतो का?
- प्रादुर्भावाचे प्रमाण आकड्यात दिले आहे का?

पाचही उत्तरे मिळाल्यास त्याच दिवशी शेताची पाहणी करावी. तीन किंवा चार मिळाल्यास पाठवणाऱ्याकडे उरलेली माहिती मागावी. दोन किंवा कमी मिळाल्यास संदेश तेथेच थांबवावा. घोणस अळीच्या संदेशाला हे प्रश्न विचारले असते, तर पहिल्याच प्रश्नाला तो अडखळला असता. व्हॉट्सॲपवर अनेकदा पुढे पाठवल्या गेलेल्या संदेशावर दुहेरी बाणाची खूण येते. ती खूण संदेश खोटा असल्याचे सांगत नाही. तो मूळ निरीक्षकापासून बराच दूर आला आहे, एवढे मात्र निश्चित सांगते.

5. अंतिम निर्णय शेतातच घ्यावा. भ्रमणध्वनीवरील इशाऱ्याचे काम शेताकडे जाण्यास प्रवृत्त करणे एवढेच आहे. गुलाबी बोंड अळीचा इशारा आल्यास एकरातून यादृच्छिक पद्धतीने 20 झाडांवरील प्रत्येकी एक हिरवे बोंड तोडून फोडून पाहावे. दोन किंवा अधिक बोंडांत अळी आढळल्यास, म्हणजे 10 टक्के प्रादुर्भाव झाल्यास, आर्थिक नुकसान संकेत पातळी गाठली असे समजावे. कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री प्रति सापळा सरासरी आठ पतंग सापडणे हाही असाच संकेत आहे. मक्यावर अळी दिसल्यास डोक्यावरील उलट्या वाय आकाराची खूण आणि शेवटून दुसऱ्या वलयावरील चौकोनात मांडल्यासारखे चार ठळक ठिपके पाहावेत. ती ओळख पटल्याशिवाय तिला अमेरिकन लष्करी अळी म्हणू नये.

6. शंका असल्यास विचारावे, पण नीट विचारावे. तज्ज्ञाला पाठवायच्या छायाचित्रांचा संच ठरलेला असावा: किडीचे पाठीकडून जवळून घेतलेले एक, डोक्याचे एक, मागील टोकाचे एक, नुकसानग्रस्त पानाचे किंवा बोंडाचे एक आणि संपूर्ण शेताचे एक. आकार कळावा म्हणून शेजारी नाणे ठेवावे. सोबत गाव, पीक, पेरणीची तारीख आणि आधी केलेल्या फवारण्या लिहाव्यात. किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या निःशुल्क क्रमांकावरही सल्ला मिळतो. केंद्र शासनाने ऑगस्ट 2024 मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालीच्या ॲपद्वारे छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय उपलब्ध झाली आहे.

पाठवणाऱ्याची जबाबदारी

माहितीच्या अतिरेकाबद्दल बोलताना बोट नेहमी अफवा पसरवणाऱ्यांकडे दाखवले जाते. परंतु त्यात विस्तार यंत्रणेचाही वाटा आहे, हे मान्य करणे आवश्यक आहे. एका दिवसात पाच पिकांवरील दहा सल्ले एकाच गटावर टाकणे, सोळा पानांची पुस्तिका कोणत्याही प्रस्तावनेविना पाठवणे, तोच सल्ला चार पातळ्यांवरून चार वेळा पोहोचणे, हेही अतिरेकाचेच प्रकार होत. पाठवलेल्या संदेशांची संख्या हा कामाचा मापदंड ठरला, की संदेश वाढतात आणि वाचक घटतात. कीटकनाशकाच्या वारंवार वापराने किडीत जशी प्रतिकारशक्ती निर्माण होते, तशीच ती वारंवार येणाऱ्या सल्ल्यांबाबत शेतकऱ्यात निर्माण होते. मात्रा वाढवून तो प्रश्न सुटत नाही. योग्य वेळी, योग्य ठिकाणी आणि मोजकीच मात्रा देणे हाच त्यावरील उपाय आहे.

म्हणून एका संदेशात एकच पीक, एकच कीड व एकच कृती असावी. त्याला वैधतेची तारीख असावी, म्हणजे पुढील वर्षी तो फिरत आला तरी जुना असल्याचे लगेच कळेल. सल्ल्यासाठीच्या गटावर केवळ व्यवस्थापकांनाच संदेश टाकता येतील अशी योजना करावी आणि चर्चेसाठी निराळा गट ठेवावा. नमुन्यादाखल पुढील मांडणी वापरता येईल:

> दिनांक: … | तालुका: … | पीक व अवस्था: कापूस, बोंडे भरण्याची अवस्था
> काय पाहावे: एकरातून 20 हिरवी बोंडे फोडून गुलाबी बोंड अळी आहे का, ते पाहावे.
> केव्हा कृती करावी: 2 किंवा अधिक बोंडांत अळी आढळल्यास.
> काय करावे: गटावरील तारांकित शिफारस पाहावी. लेबल क्लेम असलेले एकच कीटकनाशक वापरावे, मिश्रण करू नये. फवारणी करताना संरक्षक पोशाख वापरावा.
> आढळ नसल्यास: फवारणी करू नये. आठवड्याने पुन्हा पाहावे.
> वैधता: … तारखेपर्यंत | संपर्क: …

या नमुन्यातील ‘आढळ नसल्यास’ ही ओळ सहसा कोणी लिहीत नाही, पण तिचे मोल मोठे आहे. काय करू नये, हे स्पष्ट सांगितल्याने अनेक फवारण्या वाचतात. तसेच एखादी अफवा खोडून काढताना मूळ खोटे छायाचित्र पुन्हा पाठवू नये. मजकूर न वाचता केवळ छायाचित्र पाहून पुढे पाठवणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने खंडन करणारा संदेशच अफवेचा वाहक बनतो. थेट योग्य माहिती द्यावी.

चुकीचा संदेश आपल्याकडून पुढे गेला असल्यास तो केवळ पुसून टाकू नये. ज्या गटांवर तो पाठवला, त्याच गटांवर दुरुस्ती पाठवावी. विस्तार कार्यकर्त्याची विश्वासार्हता अशा दुरुस्तीने घटत नाही, ती वाढते.

समारोप

एकात्मिक कीड व्यवस्थापनात किडीचा समूळ नायनाट हे उद्दिष्ट नसते. तिला नुकसान पातळीखाली ठेवणे पुरेसे मानले जाते. समाजमाध्यमांवरील संदेशांबाबतही हेच उद्दिष्ट ठेवावे. सर्व संदेश वाचणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. आपल्या शेतासाठी, आपल्या आठवड्यासाठी असलेला एक संदेश सुटू नये, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

सन 2022 मधील त्या छायाचित्रातील दोन जीव अळीने नव्हे, विजेने घेतले. ते छायाचित्र पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू आपल्या माणसांना सावध करण्याचाच असणार. सावध करण्याची ती ओढ मोलाची आहे. तिला ठिकाण, दिनांक आणि पाहणीची जोड मिळाली, तर पुढच्या वेळी आकाशात ढग दाटून आल्यावर योग्य तो इशारा योग्य त्या शेतापर्यंत वेळेवर पोहोचेल.